गुन्हा कालच्या भाजीचा, नाव मिसळीचं

आपल्याकडे पोटाच्या तक्रारीचा तपास फार झटपट उरकतो. शेवटचं जे खाल्लं, तोच आरोपी. रविवारी नऊला मिसळ खाल्ली आणि साडेनऊला घराकडे धूम ठोकावी लागली, की निकाल लागतो, 'मिसळ बाधली!' या निकालाचा मला मनापासून राग आहे. साडेनऊला ती मिसळ जठरातच बसलेली असते. पुढचं कित्येक मीटरचं आतडं पार करून गोंधळ घालायला तिला अर्धा तास कुठून पुरणार? होतं असं, की जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा जातो. डॉक्टर त्याला गॅस्ट्रोकॉलिक रिफ्लेक्स म्हणतात. त्यामुळे साडेनऊला जे बाहेर पडायची घाई करतं ते शनिवारचं, कधीकधी शुक्रवारचंसुद्धा. मिसळ बिचारी नुसती वेळेवर हजर असल्याने अडकते.

तिची खरी करणी बघायची तर तिच्या मागोमाग आत जायला हवं.

तोंडात काम सोपं असतं आणि तेच आपण नीट करत नाही. पावातल्या मैद्यात पिष्ट असतं आणि ते फोडणारं अमायलेज लाळेत असतं. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ आपण फुकट तयार करतो, पण मिसळ चावण्याऐवजी ओरपली जाते, त्यामुळे लाळेला संधी मिळत नाही. तेवढ्यात मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना खोटी बातमी देतं, की 43 अंशांच्या वरचं काहीतरी तोंडात शिरलंय. मेंदू विश्वास ठेवतो. घाम, नाक, डोळे, सगळं एकदम सुरू. मग पाण्याचे पेल्यांवर पेले. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणजे पाण्याने ते फक्त जिथे पोचलं नव्हतं तिथे पोचतं. दुधातलं प्रथिन त्याला धरून नेतं, म्हणून नाशिककडे ताटात येणारी दह्याची वाटी शोभेची नाही. आणि याच जातीचे चेतातंतू मार्गाच्या दुसऱ्या टोकालाही आहेत. थोडं कॅप्सेसिन न पचता तिथवर जातं. दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल एवढंच पुरे.

अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांब. घास आठ-दहा सेकंदांत पार. तिचे स्नायू घास ढकलत नेतात, गुरुत्वाकर्षणावर अवलंबून नसतात. शीर्षासनात मिसळ खाता येईल. खाऊ नये, पण येईल.

जठराबद्दल लोकांचे गैरसमज अफाट आहेत. सगळं पचन तिथेच होतं असं मानून आपण हात फिरवतो तोही बेंबीभोवती. जठर मुळात असतं वर डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला. लिटर-दीड लिटर माल ते मुकाट सांभाळतं, मिनिटाला सुमारे तीन वेळा घुसळतं आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. या आम्लात पेप्सिन फरसाणातल्या बेसनाची आणि उसळीतली प्रथिनं तोडायला लागतं, पण शोषण जवळजवळ काहीच होत नाही. खालचं दार एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलेच कण पुढे सोडतं. अर्धवट चावलेला फरसाणाचा तुकडा पुन्हा पुन्हा माघारी ढकलला जातो.

त्यात 'कट वाढवा' ही आपली मागणी. कट म्हणा, तर्री म्हणा, वरचा तेलाचा लाल थर जठरात गेल्यावरही वरच तरंगतो आणि सगळ्यात शेवटी निघतो. शिवाय तेल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचताच तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते जठराला सांगतं, थांब, आधीचं उरकू दे. नुसता उसळ-पाव दोन-तीन तासांत मोकळा झाला असता, तो एक्स्ट्रा कटाने चार-पाच तास रेंगाळतो. 'पोट जड झालं' म्हणतात ते हेच, आणि यात बिघाड काही नाही.

जठरातलं बरंचसं काम माणसाला कळलं कसं, तर एका अपघाताने. 1822 साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन याला बंदुकीचा छर्रा लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने मग रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाहिले. माणूस रागावला की पचन मंदावतं, हेही त्याने नोंदवलं. दिवसभर पोटात दोरे सोडवून घेणारा माणूस का रागावत असेल, यावर वेगळं संशोधन नको.

जेवणानंतर ढेकर आला की आजी खूश होते, पचलं म्हणून. ढेकर म्हणजे घासाबरोबर गिळलेली हवा. खाण्याचा सोडा घेतला तर आम्लाशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडही निघतो. पचनाची ती पावती नव्हे. आणि लगेच आडवं व्हायचंच असेल तर खरोखर डाव्या कुशीवर व्हावं. उजव्या कुशीवर जठरातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाशी येतं आणि छातीत जळजळ सुरू होते.

खरा कामगार पुढे आहे, त्याचं नावही कोणी घेत नाही. लहान आतड्यात स्वादुपिंड रोज सुमारे दीड लिटर रस ओततं. त्यातला बायकार्बोनेट आम्ल मारतो आणि विकरं पिष्ट, प्रथिनं, चरबी यांचे बारीक तुकडे करतात. पित्ताशय पित्त पिळतं, त्याने तर्रीच्या तेलाचे सूक्ष्म थेंब होतात आणि मग लायपेज या चरबी तोडणाऱ्या विकराला ते फोडता येतात. आतड्याला आतून घड्या, घड्यांवर केसांसारखे उंचवटे, त्यांवर आणखी बारीक उंचवटे. पूर्वी हे क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं सांगत. 2014 मध्ये स्वीडनमध्ये नीट मोजलं तेव्हा पूर्ण पचनमार्गाचं मिळून 32 चौरस मीटर भरलं, म्हणजे सुमारे 344 चौरस फूट, पुण्यातला एखादा वन आरके. बिल्डरांसारखं पुस्तकांनीही वाढवून सांगितलं होतं.

ग्लुकोज आणि अमिनो आम्लं इथून रक्तात जाऊन सरळ यकृताकडे निघतात. तेल मात्र लसिकावाहिन्यांत शिरतं, यकृताला बगल देतं आणि मानेच्या तळाशी डाव्या बाजूला शिरेत उतरतं. मिसळीनंतर दोन-तीन तासांनी रक्त काढलं तर त्यातला द्रव दुधाळ दिसू शकतो. ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, तपासणीला उपाशीपोटी या म्हणतात ते उगीच नाही.

आता गॅस. मटकी-वाटाण्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या तोडणारं विकर माणसाकडे नाही. त्या अख्ख्याच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या आतड्यात मिथेन. दिवसाला अर्धा ते दीड लिटर वायू आणि दहा-वीस वेळा विसर्जन, हे सगळं निरोगी माणसाचं. त्यातल्या बहुतेक वायूला वास नसतो. वास देणारे गंधकाचे वायू एक टक्काही नसतात, पण ओळख तेच करून देतात. 'गॅस डोक्यात चढला' याला मात्र शरीरात रस्ता नाही. थोडा हायड्रोजन रक्तात मिसळून श्वासातून बाहेर पडतो, डॉक्टर तो मोजतातही, पण डोकं दुखवणं त्याच्या हाती नाही.

उपाय घरचाच आहे. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, कारण या साखरा पाण्यात उतरतात, आणि मग मोड आणायचे, कारण कोंब स्वतःच्या वाढीसाठी उरलेल्या साखरा खातो. मोड आलेली मटकी म्हणून सौम्य. बरीच दुकानं नुसता भिजवून शिजवलेला पांढरा वाटाणा घालतात. त्याचा वायू पाच-सात तासांनी रंगात येतो. सकाळी नऊला वाटाण्याची मिसळ खाल्लेल्याने दुपारी दोनची पुणे-मुंबई एसी बस पकडू नये. तिच्या खिडक्या उघडत नाहीत.