खुलासा: रास्पबेरी पायवर वेबकॅम अडखळतो तो बोर्डामुळे नव्हे

‘रास्पबेरी पाय ४ या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाला यूएसबी वेबकॅम झेपत नाही, ७२०पीला सेकंदाला जेमतेम १० फ्रेम मिळतात’ असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. घोडं अडतं ते कॅमेरा ज्या फॉरमॅटमध्ये चित्र पाठवतो त्यापाशी. वाययूवायव्ही या न दाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) फॉरमॅटमध्ये एका पिक्सेलला २ बाइट लागतात. १२८० × ७२० च्या ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ एमबी. यूएसबी २.० ची मर्यादा कागदावर ६० एमबी, प्रत्यक्षात बरीच कमी. निळ्या (यूएसबी ३.०) पोर्टात लावूनही फरक पडत नाही, कारण बहुतेक वेबकॅम २.० चेच असतात. त्यामुळे एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या व्हिडिओ प्रोग्रामला इनपुट फॉरमॅट एमजेपेग द्या (यात प्रत्येक फ्रेम दाबून येते, म्हणून डेटा कमी लागतो), तोही कमांडमध्ये कॅमेऱ्याच्या नावाआधी. कोडेक ‘कॉपी’ ठेवला, म्हणजे व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता आहे तसा घेतला, तर प्रोसेसरवर फारसा भार येत नाही. तरीही खोलीत अंधार असताना फ्रेम घटल्या, तर ऑटो एक्स्पोजर (अंधारात प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देणारी कॅमेऱ्याची सोय) बंद करून पाहा.