पितरांच्या पानात त्यांच्या आवडीचं काय?

वाद पेटला बंड्याच्या नव्या स्कूटरवरून. गाडी शोरूममध्ये तयार, पण पितृपक्ष म्हणून आईचा हुकूम होता, घटस्थापनेआधी दारात आणायची नाही. विसर्जन मिरवणूक संपून चार दिवस झाले होते. पुण्यात नागनाथ पाराजवळच्या आमच्या कट्ट्यावर चहा आला आणि बंड्या म्हणाला, "आपलेच आजोबा-पणजोबा घरी येणार आणि नातवाने गाडी घेतली म्हणून रागावणार? असा कुठला आजोबा असतो रे?"

पंत कट्ट्यावरचे सगळ्यात ज्येष्ठ. ते म्हणाले, "रागावतात असं कोण म्हणतंय? पंधरा दिवस त्यांचे. तेवढे दिवस आपली हौस बाजूला ठेवायची."

"पंत, लोक हौस बाजूला ठेवत नाहीत, घाबरतात," मी म्हणालो. "या दिवसांत घराचं बोलणं काढलं तरी 'पितृपक्ष आहे' म्हणून आवाज खाली येतो. आणि तिकडे मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस म्हणजे घरातला सण असतो. पहिला दिवस गेलेल्या लेकरांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात पायऱ्यापायऱ्यांची वेदी मांडतात, तिच्यावर फोटो, मेणबत्त्या, मीठ, लांबून येणाऱ्याला तहान लागली असेल म्हणून पाणी, आणि त्या माणसाला जे आवडायचं ते खाणं. वाट चुकू नये म्हणून दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात."

झेंडू मूळचा तिकडचाच. पोर्तुगिजांच्या काळात तो इकडे आला, आणि आता दसऱ्याला मार्केट यार्डात त्याचे ढीग लागतात. पितरांच्या वाटेवरचं त्यांचं फूल आपण दाराच्या तोरणात लावलं. शेवंतीचंही असंच. पंतांची मुलगी पोलंडला असते. तिथे १ नोव्हेंबरला सुट्टी असते, सगळी माणसं आपापल्या गावच्या दफनभूमीत जातात, कबरीवर शेवंती ठेवतात आणि काचेतले दिवे लावतात. रात्री अख्खी दफनभूमी उजळलेली असते. पंतांनीच तिचे फोटो मागे आम्हाला दाखवले होते. आपल्याकडे शेवंती गौरींना वाहतात.

शेख म्हणाला, "शब-ए-बारातला आम्हीही कब्रस्तानात जातो. दुआ मागतो, घरी हलवा होतो. त्या रात्रीला कुणी अशुभ म्हणत नाही."

इथपर्यंत माझी बाजू भक्कम होती. मग वकील बोलला. त्याचा भाऊ बरीच वर्षं सिंगापुरात आहे. "तुम्ही सोयीचे देश निवडताय. चिनी लोकांचा सातवा महिना घ्या. त्यात पितर आणि भुकेले आत्मे फिरतात म्हणतात. लग्नं टाळतात, घर घेत नाहीत, थेट आपल्या पितृपक्षासारखं. आणि त्याच महिन्यात सिंगापुरात मांडव घालून गाण्याचे कार्यक्रम होतात, पहिली रांग रिकामी ठेवतात. ती मृतांची. म्हणजे भीतीही आहे आणि मैफलही आहे. एक असलं की दुसरं नसतं हे तुझं गृहीत धरणं मला मान्य नाही. आणि मेक्सिको सिटीतली ती मोठी मिरवणूक? २०१५च्या एका बाँडपटात दाखवली म्हणून शहराने २०१६पासून सुरू केली. मूळ रिवाज घरातला आणि दफनभूमीतला. आपल्याकडे असलं काही आणलंस तर पितरांच्या मिरवणुकीपुढे स्पीकरच्या भिंती उभ्या राहतील."

परवाच आम्ही सगळे त्या भिंतींच्या आवाजाने हैराण झालो होतो, त्यामुळे त्याला कुणी विरोध केला नाही. मलाही मिरवणूक नकोच आहे. मला हवंय ते गेलेल्या माणसाबद्दल मोकळेपणाने बोलणं.

जपानी लोकांचं मला यासाठीच फार आवडतं. तिथे बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्यावर ओबोन असतो. माणसं गावी जातात, कबरी धुतात, संध्याकाळी मोकळ्या मैदानात गोल करून नाचतात. काही घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावर बसून लवकर यावं आणि जाताना गाईवर बसून सावकाश जावं. ज्यांनी हे पहिल्यांदा केलं, त्यांना आपल्या माणसाला निरोप देताना किती जड गेलं असेल!

"आपल्याकडे असं काही नाही असं म्हणू नकोस," पंत म्हणाले, आणि त्यांनी जे काढलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ओंकारेश्वराला दहाव्याला कधी उभा राहिलायस ना? कावळा पिंडाला शिवत नाही. मग थोरला पुढे होतो, म्हणतो, आईला मी सांभाळीन. तरी नाही. धाकटा म्हणतो, ताईच्या लग्नाचं मी बघतो. जन्मभर बापासमोर तोंड न उघडलेली पोरं तिथे चारचौघांत बोलतात. तुझ्या मेक्सिकोत याच्यापेक्षा वेगळं काय बोलतात?"

खरं आहे. कावळ्याची वाट बघण्याइतकं जिवंत बोलणं मी दुसऱ्या कुठल्या विधीत ऐकलेलं नाही. पण ते दहाव्या दिवसाचं. वर्षश्राद्ध झालं की बोलणं आटतं, आणि पितृपक्षात उरतं ते गुरुजींच्या वेळेचं गणित.

इतका वेळ गप्प असलेली ताई म्हणाली, "नावं तरी सांगा. प्रत्येकाने आपल्या पणजीचं माहेरचं नाव सांगा."

कुणालाच सांगता आलं नाही. पंतांना पणजीचं सासरचं नाव ठाऊक होतं, कारण श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचाही उच्चार होतो. हा त्या विधीचा मोठाच उपकार. पणजीचं नाव माहीत असलेली किती घरं आज पुण्यात सापडतील? महालयात तर काका, मामा, आत्या, गुरू, मित्र सगळ्यांची आठवण काढतात. ज्यांचं मागे कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठीही तर्पणात पाणी सोडतात. एवढं मोठं मन असलेल्या पंधरवड्याला आपण नुसता खरेदी टाळायचा काळ करून टाकलं, याचंच मला वाईट वाटतं.

ताईची तक्रार पुढची होती. "अविधवा नवमी बघा. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून बाईला वेगळी तिथी. नवरा गेला की पुष्कळ घरांत ती नवमीही बंद. तिची स्वतःची अशी तिथी कुठली? आणि पान तरी तिचं आहे का? वडे, खीर, गवार, कारलं, आमसुलाची चटणी, सगळ्यांना तेच. माझ्या आईला कारलं डोळ्यासमोर नको असायचं. तिला मिसळ आवडायची. या नवमीला मी तिच्या पानात मिसळ वाढणार आहे."

"श्राद्धाच्या पानात कांदा-लसूण?" पंत ताठ झाले. "नैवेद्य नैवेद्यासारखा होऊ दे. मग संध्याकाळी सगळे मिळून मिसळ खा, तिच्या आठवणी सांगा. कोण नको म्हणतंय?"

"म्हणजे आई जेवून गेल्यावर तिच्या आवडीचं आम्ही खायचं?"

"नियम मोडायचा तर मोड. पण हाच नियम आहे असं पोरांना सांगू नकोस."

"मी पोरांना आजीला काय आवडायचं ते सांगेन," ताई म्हणाली.

वकील पंतांच्या बाजूचा, बंड्या आणि शेख ताईच्या. मीही ताईच्याच बाजूचा आहे. पंतांचा नियम शतकानुशतकं नावं जपत आला, ते मला मान्य आहे. पण ज्या बाईचं नाव घेऊन पान वाढायचं, तिला कारलं आवडत नव्हतं हे घरात कुणाला तरी माहीत असायला हवं, आणि त्या दिवशी ते पानात दिसायला हवं.