स्पेनमध्ये ‘लीगल’ आहे म्हणून निघताय? आधी पासपोर्ट कुठला ते बघा

व्हॉट्सअॅपवर आणि रील्समध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतो आहे. त्याचा गाभा असा: “स्पेनमध्ये एस्कॉर्टचं काम कायदेशीर आहे. टुरिस्ट व्हिसावर जायचं, फ्लॅट भाड्याने घ्यायचा, ऑनलाइन जाहिरात टाकायची. दलाल नाही, मालक नाही. पोलीस हात लावत नाहीत, टॅक्स नाही. दोन-तीन वर्षं काढली की कागदही होतात. आणि स्पॅनिश बोलणारे सगळे देश असेच आहेत.” सोबत बहुतेक वेळा एखाद्या लॅटिन अमेरिकन बाईच्या मुलाखतीचा तुकडा जोडलेला असतो. ती खोटं बोलत नसते. पण ती बोलते ते तिच्या पासपोर्टबद्दल, आणि ऐकणारीच्या पर्समध्ये असतो भारतीय पासपोर्ट.

हे काम करावं की नाही, यावर मला काही म्हणायचं नाही. सज्ञान बाईचा तो निर्णय आहे, आणि सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने, म्हणजे सेक्सवर्कर बायकांच्याच संघटनेने, ही गोष्ट नव्वदच्या दशकापासून इतक्या ठणकावून सांगितली आहे की महाराष्ट्रात तरी ती नव्याने सिद्ध करायला नको. माझं भांडण या सल्ल्यातल्या माहितीशी आहे.

“कायदेशीर आहे”

गुन्हा नाही, एवढंच खरं. सज्ञान व्यक्तीने स्वखुशीने पैसे घेऊन लैंगिक सेवा दिली तर स्पेनची दंडसंहिता तिला शिक्षा करत नाही. पण कुठलाही कायदा याला रोजगार म्हणून मान्यताही देत नाही. परवाना नाही, नोकरीचा करार नाही. दंडसंहितेचं कलम १८७ आहे ते दुसऱ्याला या कामात ढकलणाऱ्यासाठी आणि दुसऱ्याच्या शोषणातून कमावणाऱ्यासाठी. बाई आर्थिक किंवा वैयक्तिक अडचणीत असेल, किंवा तिच्यावर जाचक अटी लादल्या असतील, तर तिची ‘संमती’ होती हा बचाव चालत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केलं.

ही अधांतरी अवस्था किती विचित्र आहे ते ‘ओत्रास’ या संघटनेच्या कहाणीत दिसतं. सेक्सवर्कर बायकांची ही युनियन २०१८ मध्ये सरकारदरबारी रीतसर नोंदली गेली. नोंद झाल्याचं कळल्यावर सरकारचीच धांदल उडाली. त्याच वर्षी न्यायालयाने युनियनची घटना रद्द ठरवली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वैध केली. म्हणजे संघटित होण्याचा हक्क आहे, पण ज्या कामासाठी संघटित व्हायचं त्याचा करार करता येत नाही. सत्ताधारी समाजवादी पक्षाला तर दलालीविरुद्धचा कायदा आणखी कडक करायचा होता. ते विधेयक मे २०२४ मध्ये संसदेत पडलं. आज जे चित्र आहे ते पाच वर्षांनी तसंच असेल, असं गृहीत धरून घरदार सोडण्यात अर्थ नाही.

“टुरिस्ट व्हिसावर जायचं”

सगळा सल्ला या एका वाक्यावर उभा आहे, आणि नेमकं तेच वाक्य भारतीय बाईला बुडवतं.

स्पेनचा टुरिस्ट व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक. तो कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. काम करू देत नाही, मग ते काम बारमध्ये ग्लास धुण्याचं असो की एस्कॉर्टचं. स्पेनचा परकीय नागरिकांचा कायदा २००० सालचा आहे. त्यात परवानगीशिवाय काम करणं आणि मुदत संपल्यावर राहणं या दोन्ही गोष्टी गंभीर उल्लंघनात मोडतात: दंड ५०१ ते १०,००० युरो, किंवा दंडाऐवजी हकालपट्टी. हकालपट्टी झाली की साधारणपणे पाच वर्षांपर्यंत प्रवेशबंदी लागते, आणि ती एकट्या स्पेनपुरती नसते, शेंगेनमधल्या सगळ्या देशांना लागू होते. हकालपट्टी होईपर्यंत परदेशी नागरिकांच्या बंदिवास केंद्रात ६० दिवसांपर्यंत ठेवता येतं. व्हिसा खोट्या कारणाने घेतल्याचं विमानतळावरच उघड झालं तर तो तिथेच रद्द होतो आणि परतीचं विमान दाखवलं जातं. मोबाइलमध्ये जाहिरातीचे फोटो आणि बॅगेत दोन आठवड्यांच्या सहलीचं हॉटेल बुकिंग, हा संशयाला पुरेसा मसाला आहे.

आता त्या मुलाखतीतल्या बाईकडे या. ती कोलंबियन असेल तर डिसेंबर २०१५ पासून तिला कमी मुदतीच्या प्रवासासाठी शेंगेन व्हिसाच लागत नाही. ती तिकीट काढते आणि येते. कामाची परवानगी तिलाही नसते, पण येण्याचा खर्च आणि धोका दोन्ही वेगळे. आपल्याकडून जाणारी आधी व्हिसा केंद्रात बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं पत्र, ३०,००० युरोंचा प्रवासविमा असा गठ्ठा देते. हे कागद नसलेल्या बायकांना ते ‘करून देणारा’ कोणीतरी लागतो, आणि इथेच दलाल आत शिरतो. सल्ल्यात दलाल नसतो तो केवळ म्हणून, की तो माद्रिदला भेटत नाही, आधीच मुंबईत किंवा दिल्लीत भेटलेला असतो.

“मग स्वयंरोजगाराचा व्हिसा घ्या,” असंही काही जण सुचवतात. तो व्हिसा आहे. त्यासाठी व्यवसायाचा आराखडा, पात्रता, भांडवल आणि त्या व्यवसायाला लागणारे परवाने दाखवावे लागतात. ज्या कामाला परवानाच अस्तित्वात नाही त्याचा आराखडा वकिलातीत कसा देणार? डिजिटल नोमॅड व्हिसाही उपयोगाचा नाही. तो संगणकावरून लांबच्या कंपनीसाठी वा ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांचा आहे.

एक अपवाद मात्र खरा आहे आणि तो गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांपैकी ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे, ते युरोपीय संघाचे नागरिक. त्यांना स्पेनमध्ये राहायला आणि स्वतःचा व्यवसाय करायला परवानगी लागत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर नोंदणी करायची. २००१ मध्ये युरोपीय न्यायालयाने ‘यानी’ खटल्यात सांगितलं होतं की कोणाच्या हाताखाली नसलेल्या, स्वतःच्या जबाबदारीवर आणि पूर्ण मोबदला स्वतः घेऊन केलेल्या सेक्सवर्कला स्वयंरोजगार मानता येईल. त्या बायका पोलंड आणि चेक देशांतल्या होत्या, काम अॅमस्टरडॅममध्ये करत होत्या, आणि त्यांच्या देशांचे युरोपीय संघाशी तसे करार होते. भारताचा असा करार नाही. म्हणजे म्हापशातल्या दोन चुलतबहिणी एकाच विमानाने बार्सिलोनाला उतरल्या, एकीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि दुसरीकडे भारतीय, तर काम तेच असूनही कायद्यापुढे त्या दोन वेगळ्या जगांत असतील.

“दलाल नाही, मालक नाही”

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बायका स्पेनमध्ये आहेत. “तिथे सगळ्या फसवून आणलेल्याच असतात” हा उलटा फॉरवर्डही तितकाच आळशी आहे. पण स्वतंत्र राहायला पहिली गोष्ट लागते ती स्वतःचं दार. माद्रिद किंवा बार्सिलोनात घरमालक पगाराच्या स्लिपा आणि नोकरीचा करार मागतो, अनामत मागतो. नव्याने आलेल्या, कागद नसलेल्या बाईला भाडेकरार मिळत नाही. घरात हे काम चालतं असं शेजाऱ्यांनी ठरवलं तर सोसायटी त्रासदायक वापराचं कारण देऊन न्यायालयात जाऊ शकते, हा भाग वेगळाच.

मग ती जाते ‘पिसो’मध्ये, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या फ्लॅटमध्ये. तिथे फोन उचलायला वेगळी बाई असते, दर ती ठरवते, आणि निम्मे पैसे घराचे ही सर्रास पद्धत आहे. दुसरा प्रकार ‘प्लासा’चा. एका जागी साधारण २१ दिवस राहायचं, जवळपास चोवीस तास उपलब्ध असायचं, आणि मग दुसऱ्या शहरात. हे २१ दिवस पाळीच्या चक्रावरून ठरलेत. धंद्याचं वेळापत्रक कोणाच्या सोयीने बनलं आहे हे यापेक्षा उघडपणे सांगता येणार नाही. यात दर, वेळ, गिऱ्हाईक आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा यांपैकी काय तिच्या हातात उरतं? व्हिसाचं आणि तिकिटाचं कर्ज फेडायचं असेल तर काहीच नाही. ते कर्ज वाढवत नेऊन बाईला अडकवून ठेवणं हे स्पेनमध्ये मानवी तस्करीच्या कलमात, १७७ बिसमध्ये, बसू शकतं. त्याची मूळ शिक्षा पाच ते आठ वर्षं आहे.

दोघी मिळून फ्लॅट घेतला तर सुरक्षित, हे व्यवहारात खरं आहे. पण भाडेकरार जिच्या नावावर आणि पैसे जिच्या हातात, तिच्याकडेच दुसरीचं शोषण करणारी म्हणून पाहिलं जाऊ शकतं, हे माहीत असलेलं बरं.

“ऑनलाइन जाहिरात टाकायची”

सप्टेंबर २०२२ च्या लैंगिक स्वातंत्र्याच्या कायद्याने, ज्याला तिथे लोक ‘फक्त हो म्हणजेच हो’चा कायदा म्हणतात, वेश्याव्यवसायाला चालना देणारी जाहिरात बेकायदेशीर ठरवली. जाहिराती म्हणून गायब झालेल्या नाहीत. पण ज्या कामाचा सगळा भार जाहिरातीवर आहे त्याची जाहिरातच बेकायदा, ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कशी राहून गेली, कोण जाणे.

“पोलीस हात लावत नाहीत”

रस्त्यावर लावतात. २०१५ च्या नागरी सुरक्षा कायद्यानुसार शाळा-उद्यानांजवळ किंवा वाहतुकीला धोका होईल अशा जागी सेवा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दंड आहे. सेवा देणारीला पोलीस आधी ‘इथून जा’ सांगतात, आणि ती हलली नाही तर आदेश न पाळल्याचा दंड तिच्यावर येतो. तो ६०१ युरोंपासून सुरू होतो. बार्सिलोनाचा नागरी वर्तनाचा नियम तर २००६ पासून लागू आहे.

फ्लॅटमध्ये पोलीस आले तर शोधत असतात शोषण करणाऱ्याला, पण कागद तपासतात सगळ्यांचे. काम गुन्हा नाही म्हणून बाई सुटते, व्हिसा नाही म्हणून अडकते. या भीतीने मार खाल्लेली, पैसे बुडालेली बाई तक्रारच करत नाही, आणि गिऱ्हाइकाला हे पक्कं ठाऊक असतं.

ही भीती मात्र थोडी जास्तच पसरवली गेली आहे. लैंगिक हिंसेची तक्रार करणाऱ्या परदेशी बाईला, कागद नसले तरी, हकालपट्टीपासून संरक्षण देणारी तरतूद आहे. तस्करीची बळी असल्याची चिन्हं दिसली तर विचार करायला किमान ९० दिवसांची मुदत मिळते आणि त्या काळात तिला बाहेर काढता येत नाही. तस्करीसाठी राष्ट्रीय पोलिसांचा मोफत क्रमांक ९०० १० ५० ९० आहे. सरकारी आरोग्यसेवाही २०१८ पासून कागद नसलेल्या रहिवाशांना पुन्हा खुली झाली आहे. हे फॉरवर्ड करा हवं तर.

“टॅक्स नाही”

आहे. कायदेशीर राहणाऱ्या बायका स्वयंरोजगारी म्हणून नोंदणी करतात, बहुतेकदा ‘इतर वैयक्तिक सेवा’ किंवा मसाजच्या खात्यात, आणि दरमहा सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरतात. नव्या व्यक्तीला पहिल्या वर्षी तो सवलतीत असतो. ही नोंदणी करायला कामाची परवानगी लागते. टुरिस्टला टॅक्स नसतो तो मेहेरबानीने नव्हे. त्याच्याकडे काम असणंच कायद्याला मान्य नाही.

“दोन-तीन वर्षांत कागद होतात”

दोन वर्षं सलग राहिल्यावर ‘अर्राइगो’ म्हणजे मूळ धरल्याच्या आधारावर परवाना मागता येतो, हे खरं. २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमावलीत मुदत तेवढीच आहे. पण त्यातल्या कामाच्या मार्गाला नोकरीचा करार लागतो, इतर मार्गांना प्रशिक्षण, नातेवाईक किंवा उत्पन्नाचा पुरावा. आणि एस्कॉर्टच्या कामाचा करार होत नाही हे वर आलंच. म्हणजे दोन वर्षं लपून काढायची आणि शेवटी घरकाम किंवा वृद्धांची सेवा यांचा करार शोधायचा.

पुढे नागरिकत्व. लॅटिन अमेरिकन बाईला दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, भारतीयाला दहा. ‘दोन-तीन वर्षं’ हा आकडा कुठून आला असावा, याचा मला इथे उलगडा होतो.

“स्पॅनिश बोलणारे सगळे देश सारखे”

उरुग्वेत २००२ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात नोंदणी आणि आरोग्यपत्र लागतं. अर्जेंटिनात २०११ पासून वृत्तपत्रांत लैंगिक सेवांच्या जाहिराती बंद आहेत. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्वेर्तो रिकोत हे काम सरळ गुन्हा आहे. आणि अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, गेल्या दहा वर्षांत वेश्याव्यवसाय केलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकी कायदा प्रवेश नाकारतो. ते काम जिथे केलं तिथे गुन्हा नसलं तरी. व्हिसाच्या अर्जात तसा थेट प्रश्न असतो.

राहता राहिला तो इथला माणूस, जो ‘स्पेन पॅकेज’ देतो. भारतात १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा स्वतः काम करणाऱ्या सज्ञान बाईला केवळ त्या कामासाठी गुन्हेगार ठरवत नाही. पण कलम ५ प्रमाणे तिला या कामासाठी मिळवून देणारा गुन्हेगार आहे, तिची संमती असली तरी. हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, म्हणून तो पावतीवर ‘युरोप टूर’ लिहितो. पैसे रोख घेतो, आणि पासपोर्ट ‘सांभाळायला’ मागतो. पुढे काही बिनसलं, माद्रिदच्या भारतीय दूतावासात जायची वेळ आली, तर दाखवायला हातात असते ती सहलीची पावती. तरी जायचंच असेल तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका, आणि त्याचं खरं नाव, फोन, खात्याचा तपशील घरच्या एका तरी माणसाकडे लिहून ठेवा.