गाळ म्हणजे भेसळ नव्हे

परवा मोठ्या मामांनी 2005 सालची बोर्डोची, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या लाल वाईनची, अख्खी बाटली मोरीत ओतून दिली. मामेभावाने फ्रान्सहून दोन आणल्या होत्या, त्यातली एक. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज: 'तळाशी गाळ दिसला की वाईन भेसळीची. दोन-तीन द्राक्षं मिसळलेली असली तर हलक्या मालाची. अस्सल फ्रेंच वाईन एकाच द्राक्षाची, जितकी जुनी तितकी चांगली, आणि रोज एक ग्लास हृदयाला औषध.' मला हा तिघांकडून आला होता. मी गप्प बसले, ते चुकलंच.

आधी गाळ. लाल वाईनचा रंग द्राक्षाच्या सालीतून येतो, आणि तोंड आवळणारं टॅनिन साल-बियांतून. बाटलीत वर्षानुवर्षं हे दोन्ही एकमेकांना धरत जातात, कण मोठे होतात, जड झाले की तळाशी बसतात. म्हणून जुनी वाईन फिकट आणि मऊ लागते. ग्लास तिरका धरून पांढऱ्या कागदावर बघा: जांभळट रंग जाऊन कडेला विटकरी छटा आलेली दिसेल. ताज्या फळांचा वास मागे सरतो. देवदाराचं लाकूड, तंबाखू, चामडं, भिजलेला पाचोळा असे वास पुढे येतात. मामांनी ज्याला भेसळ समजून फेकलं, तो ती वाईन मुरल्याचा पुरावा होता! मला अजून हळहळ वाटतेय.

मिश्रणाचं म्हणाल तर बोर्डोचे नियमच वाचा. लाल वाईनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, कॅबर्ने फ्रांक, पती व्हेर्दो, माल्बेक, कार्मेनेर अशा जाती त्यात नावानिशी दिल्या आहेत. हवामान बदलतंय म्हणून 2021 मध्ये आणखी चार लाल जातींना मर्यादित मुभा मिळाली. मेर्लो लवकर पिकते, कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा. पावसाने एकीला झोडपलं तर दुसरी तारते. मेर्लोने वाईन भरदार होते, कॅबर्नेने ताठ राहते आणि टिकते. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर मेदोकमध्ये कॅबर्नेचा वरचष्मा, दोर्दोन्य नदीच्या उजवीकडे पोमरोल आणि सँत-एमिलियोंला मेर्लोचा. गोड्या मसाल्यात धन्याबरोबर दगडफूल पडलं म्हणून त्याला कुणी भेसळ म्हणतं का? एकाच द्राक्षाची हवी तर फ्रान्समधल्याच बरगंडी भागातली पिनो न्वार आहे, पण म्हणून बोर्डो खोटी ठरत नाही.

'जितकी जुनी तितकी चांगली' यात थोडं तथ्य आहे, मान्य. चांगल्या सालातली चांगली मेदोक वीस-तीस वर्षं सहज मुरते. पण बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिऊन टाकायच्याच असतात. आणि मुरायलाही 12 ते 14 अंशांचा गारवा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली बाटली शिजते.

हृदयाचं औषध हे तर बोलूच नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. मामांची रक्तदाबाची गोळी चालू आहे. चवीसाठी घोटभर घेतली तर ते डॉक्टरांना विचारून, गोळीऐवजी मुळीच नाही.

मामा, दुसरी बाटली आडवी, गार जागी राहू द्या. उघडायच्या आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग मानेखाली बॅटरी धरून एका दमात, हळूहळू भांड्यात ओतायची. गाळ मानेशी दिसला की थांबायचं. मी येते, तोवर हात लावू नका.