बांगडा उकळला म्हणजे झालं काय?

काल रत्नागिरीत मांडवीच्या कट्ट्यावर बसलेलो, मी सहज बोललो की रविवारी दहा वर्षांच्या पोरीला बांगडे साफ करताना सोबत बसवलं, तर अण्णा भडकलेच. एवढ्याशा पोरीला विळीवर? म्हटलं अण्णा, विळी माझ्याकडे. तिने कल्ले लाल आहेत का बघायचं, पुरेसा बर्फ घालायचा आणि मासळीचा हात कोशिंबिरीला लावायच्या आधी साबणाने धुवायचा, सावकाश 20 आकडे म्हणेपर्यंत.

बंड्या म्हणतो, आपल्याला कोणी शिकवलं होतं रे? तिरफळं, आगळ घालून रटरट उकळलं की काय शिल्लक राहतंय?

इथे आमचं जुंपलं, कारण हे मी घरात बघितलंय. दोन वर्षांमागे मे महिन्यात सकाळी बांगडे घेतले, पिशवी गाडीच्या हँडलला, दोन-तीन कामं उरकत घरी पोचेपर्यंत दुपार. घाण वास नाय, चवीत काय नाय, आणि जेवून अर्धा तास झाला नाय तर पोरीचं तोंड लालभडक, अंगाला खाज, डोकं दुखतंय म्हणून रडायला लागली. मला वाटलं अॅलर्जी. डॉक्टरांनी समजावलं, बांगडा, कुपा असली मासळी गरमीत राहिली की जंतू तिच्यात हिस्टामिन नावाचं, असा त्रास देणारं द्रव्य तयार करतात, आणि ते एकदा झालं की उकळा, तळा, फ्रीजरमध्ये टाका, जात नाय. जंतू मरतात, हिस्टामिन तसंच राहतं. म्हणून बर्फ मासळी घेतल्या घेतल्या, घरी आल्यावर नव्हे.

मास्तर म्हणाले भाताचं पण तसंच, शिजवूनही काही जंतूंचे बीजाणू उरतात, भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष सकाळी फोडणी देऊनही मरत नाय. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

बंड्या उसळला, पावसात आमच्याकडे लाइट असते कुठे! बरोबर आहे त्याचं, वाडीत हे रोजचं आहे. पण म्हणूनच पोरांना सांगायचं ना, लाइट गेली की फ्रीज उघडायचा नाय, बंद राहिला तर साधारण चार तास थंडावा टिकतो, आणि अशा दिवसांत भात मोजकाच लावायचा. पाण्याच्या बाटलीसाठी दर दहा मिनिटांनी दार उघडतं कोण, पोरंच ना?

अण्णांना अजून पटलं नाय. त्यांचं म्हणणं पोरींनी शिकावं एकवेळ, मुलग्यांना कशाला. म्हटलं अण्णा, तुमचा नातू पुण्याला होस्टेलवर जाणार आहे जूनमध्ये, त्याच्या खोलीतला भात कोण बघणार?