बाई, तुम्ही ब्राझील व्हय?

ज्या वर्गाला उत्तरं येत नाहीत, तो वर्ग शिकवायला सोपा. माझ्या पाचवीच्या वर्गाला उत्तरं भरपूर येतात, फक्त ती मी न विचारलेल्या प्रश्नांची असतात.

"खंड म्हणजे काय?" एवढंच मी विचारलं होतं.

"बाई, आमच्या आज्ज्यानं रान खंडानं दिलंय," पहिल्या बाकावरून आलं. मागून कुणीतरी सांगितलं, यंदा पावसानं मोठा खंड दिला. एकीच्या गल्लीत अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. श्रीखंड कोण म्हणतंय याची मी दरवर्षी वाट बघते. यंदा तो मान खिडकीजवळच्या पोराला मिळाला. मग मी फळ्यावर आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सात नावं लिहिली आणि म्हटलं, "पृथ्वीवरच्या जमिनीचे हे सात मोठे तुकडे. ह्यांना खंड म्हणायचं."

"आणि हे कसायला कुणाला दिल्यात?" पहिला बाक.

हसावं की रागवावं कळेना. युरोपातल्या राजवटींनी 1884-85 साली बर्लिनला बसून आफ्रिकेत कुणी कुठं हात मारायचा याचे नियम ठरवले होते आणि त्या बैठकीला एकाही आफ्रिकी माणसाला बोलावलं नव्हतं. म्हणजे पोराचा प्रश्न तसा सातबाऱ्याला धरूनच होता. पण तो इतिहासाच्या तासाचा, म्हणून मी ढकलून दिला.

आमच्या शाळेचा पृथ्वीगोल कपाटावर असतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असतो असं पुस्तक सांगतं. आमचा बघितला की वाटतं आत्ताच कुणाशी तरी कुस्ती करून आलाय. पॅसिफिक महासागर चेपलाय. रशियाच्या जागी अजून सोव्हिएत संघ आहे. तो 1991 साली फुटला हे गोलाला कुणी कळवलेलं नाही, आणि नवीन गोलाची मागणी मी किती वेळा केली ते मोजायचं मी सोडून दिलंय. गोल फिरवला की स्टँडवरून निसटतो आणि सातही खंड बाकाखाली जातात. मग पोरं तो शोधून आणतात. पायानं.

ह्या पोरांना दुसरा खंड शिकवायचा तर आधी त्यांना कोल्हापुरातून बाहेर काढावं लागतं, आणि ती निघत नाहीत. आफ्रिकेचं क्षेत्रफळ 3 कोटी चौरस किलोमीटर म्हटलं, तर कुणी पापणी हलवली नाही. त्यात नऊ भारत बसतील म्हटल्यावर जरा माना वळल्या. "आणि कोल्हापूर किती बसतील?" मी खडूनं भागाकार मांडला. आपला जिल्हा 7,685 चौरस किलोमीटर. उत्तर आलं 3,900च्या वर. मला वाटलं, आता आफ्रिकेचा वचक बसणार.

"म्हणजे बाई, एवढं मोठं हाय, आणि आपल्यासारखं त्यात एक पण नाय?"

नकाशाचं तर विचारूच नका. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. खरं तर तो आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढा, आपल्या भारताहूनही लहान. मर्केटर नावाच्या गृहस्थानं 1569 साली दर्यावर्दींच्या सोयीसाठी नकाशाची ही पद्धत काढली. त्यात दिशा बरोबर राहते आणि ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. हे समजावायला मी एक मोसंबं नेलं. त्यावर बॉलपेननं खंड काढले, साल सोलली आणि बाकावर दाबून सपाट केली. साल फाटली. फटी बुजवायच्या तर वरचा आणि खालचा भाग ताणावा लागतो, हे पोरांना पटलंसुद्धा. पण तोवर साल माझ्या हातात उरली होती आणि पृथ्वी त्यांच्या पोटात गेली होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढचा खंड दक्षिण अमेरिका होता.

ज्यांनी वर्ल्ड कपच्या दिवसांत कोल्हापूर बघितलेलं नाही, त्यांना हे सांगून कळायचं नाही. पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकात खेळाडूंचे फलक उभे राहतात, आणि सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी तिऱ्हाइतासारखे वागतात. "दक्षिण अमेरिकेत देश किती?" या प्रश्नाला अख्ख्या वर्गानं एका सुरात "दोन!" म्हटलं, त्यात त्यांचा काय दोष? बारा आहेत, असं मी सांगितलं. उरलेले दहा त्यांनी राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसवले.

आणि मग माझ्या तोंडून गेलं, की ब्राझील हा अर्जेंटिनाच्या तिप्पट मोठा आहे.

अर्धा वर्ग बाकावर चढला. अर्ध्यानं दप्तरं उचलली. डावीकडच्या रांगेनं उजवीकडच्या रांगेला पट्टी दाखवली. घंटा झाली म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना फाटकापाशी एक पालक उभे. गाडीवरून उतरले नव्हते, पण इंजिन बंद केलं होतं, म्हणजे विषय गंभीर.

"बाई, जरा बोलायचं हुतं."

"बोला की दादा."

"तुम्ही ब्राझील व्हय?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत डबा का परत आला, मार्क का कापले, मुलाला मागं का बसवलं, सगळं विचारून झालंय. हे पहिल्यांदाच. मी गडबडून म्हणाले, "नाही हो, मी गडहिंग्लजची."

"गडहिंग्लजात बी फुटबॉल हाय की," ते म्हणाले. संशय फिटला नव्हता. "पोरगं काल रात्री जेवलं न्हाई. म्हणतंय, बाईंनी ब्राझीलला तिप्पट केलं."

"क्षेत्रफळानं हो. ब्राझील 85 लाख चौरस किलोमीटर, अर्जेंटिना साधारण 28 लाख."

त्यांनी थोडा विचार केला. "आकडा खरा आसंल. पण भर वर्गात सांगायची काय गरज हुती?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

"बरं, 2022चा वर्ल्ड कप कुणी मारला, ते सांगितलासा?"

"ते पुस्तकात नाही, दादा."

"बघा," एवढंच म्हणून त्यांनी किक मारली.

त्या रात्री मी टाचण फाडून नवीन लिहिलं. सकाळी वर्गात वाटणी केली. अर्जेंटिनाला अकोन्काग्वा: 6,961 मीटर, आशिया सोडला तर जगात याहून उंच शिखर नाही. ब्राझीलला ॲमेझॉनच्या खोऱ्याचा सर्वांत मोठा हिस्सा. इग्वासूचा धबधबा दोघांच्या हद्दीवर, म्हणून सामायिक. तंटामुक्ती समितीनं याहून काय वेगळं केलं असतं? शेवटच्या बाकावरच्या एका बारक्यानं हात वर केला, "बाई, उरुग्वेचं कोण हाय का?" कुणीच नव्हतं. मी सांगितलं, पहिला वर्ल्ड कप 1930 साली उरुग्वेतच झाला आणि उरुग्वेनंच जिंकला. तेव्हापासून तो एकटा उरुग्वे आहे, आणि मला वाटतं मीही.

त्याच खंडामुळं घराघरांत दुसरं वादळ उठलं. मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांनी ती आपल्याकडं आणली, आणि 500-600 वर्षांपूर्वी कोल्हापुरात कुणी मिरची बघितलीसुद्धा नव्हती, असं मी म्हणाले. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी. एक मुलगी कशीबशी उभी राहिली, "मी विचारतो बाई, मग लोकं खायची काय?" (आमच्याकडं मुलीही 'मी जातो, मी येतो' म्हणतात. मराठीच्या बाई त्यावर कपाळाला हात लावतात. मी घरी तसंच बोलतो.) तिखटासाठी मिरी होती, हे ऐकून ती खाली बसली आणि वहीच्या मागच्या पानावर तिनं लिहिलं : 'तांबडा रस्सा आधी नव्हता. पांढरा होता.' बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणाही तिकडचेच हे सांगितल्यावर मिसळीत काय उरतं ते पोरांनी बोटांवर मोजलं. उरलेली बोटं बघून मलाच गलबललं. दुसऱ्या दिवशी एका आज्जीचा निरोप आला, 'बाईंना सांग, मिरची आमच्या रानातली हाय. आमी कुणाकडनं आणली न्हाई.'

अंटार्क्टिका मात्र अर्ध्या तासात झाला. तिथं गल्ली नाही, टीम नाही. तिथल्या वोस्टोक संशोधन केंद्रावर 1983 साली उणे 89.2 अंश तापमान नोंदलं गेलं, याचं पोरांना काही वाटलं नाही. पण सगळा बर्फ वितळला तर समुद्र 58 मीटरच्या आसपास चढेल म्हटल्यावर सगळी ताठ बसली. पुराची भाषा इथं बालवाडीपासून येते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. "बाई, आपण किती उंचावर?" समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर. सुस्कारा सुटला. मग एकीनं हळूच विचारलं, "आणि कोकणातली मावशी?" तिला आपल्याकडं बोलवायचं ठरलं.

युरोप शेवटी ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात पोलंडची 5,000च्या आसपास माणसं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहून गेली, 1943 ते 1948, हे सांगितलं. मग राजाराम महाराजांची गोष्ट सांगितली. 1870 साली विलायतेला गेलेले कोल्हापूरचे छत्रपती. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लोरेन्सला 30 नोव्हेंबरला वारले, वय अवघं वीस. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं आज त्यांची छत्री आहे, आणि जवळच्या पुलाला तिथले लोक हिंदी माणसाचा पूल म्हणतात.

कुणी बोललं नाही. बऱ्याच वेळानं पहिल्या बाकावरून आवाज आला, "संगम म्हणजे आपल्या प्रयाग चिखलीसारखा?"

"तसाच."

"मग बरं."

परवा घटक चाचणीचे पेपर तपासले. प्रश्न होता, 'युरोप खंडाविषयी तीन वाक्यं लिहा.' एका पेपरात लिहिलंय : 'युरोप खंडात आमच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. छत्रीजवळून अर्नो नदी वाहते. उरलेल्या जागेत इटली व इतर देश आहेत.'

लाल पेन धरून मी बराच वेळ बसले. शुद्धलेखन बरोबर, माहिती बरोबर. तीनपैकी अडीच दिले. अर्धा 'उरलेल्या जागेत'साठी कापला. तो का कापला हे विचारायला उद्या फाटकापाशी कोण येतंय बघू.