‘जुन्याच झुडपाला नवं नाव?’ या आक्षेपाला उत्तर

सव्हानातल्या, म्हणजे गवत आणि विरळ झाडांच्या माळावरच्या, झुडपाची नवी प्रजाती वर्णन करायची म्हणजे नेमकं काय काय करायचं, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चार वाळक्या फांद्या घ्यायच्या, मिलिमीटर मोजायचे, लॅटिन नाव द्यायचं आणि त्याला ‘शोध’ म्हणायचं, हे पोकळ आहे. ते झुडूप तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. वणव्यात होरपळून, गुरांनी खाऊन खुरटलेलं जुनंच झुडूप नवं म्हणून खपवलं जात नाही कशावरून? आणि डीएनए तपासता येत असताना पानावरची लव बघत बसण्यात काय अर्थ?

‘शोध’ या शब्दाबद्दल तुमचं बरोबर आहे. त्या गवतात रोज वावरणाऱ्या माणसाला ते झुडूप नवं नसतंच. शास्त्रज्ञांनाही ते बऱ्याचदा नवं नसतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नव्या म्हणून वर्णन झालेल्या वनस्पतींचे नमुने मुळात कधी गोळा झाले होते हे तपासलं गेलं. नमुना हाती आल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालं अशा प्रजाती फक्त १६ टक्के निघाल्या. जवळजवळ एक चतुर्थांश प्रजातींचे नमुने ५० वर्षांहून जास्त काळ हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाच्या, कपाटात पडून होते. म्हणजे झुडूप कुणीतरी पाहिलेलं असतं, कापून, दाबून, वाळवून ठेवलेलं असतं. ते वेगळं आहे हे सांगायला बसणारं माणूस तेवढं उशिरा येतं. तेव्हा ‘शोध’ हा शब्द मी मागे घेतो.

पण ‘वर्णन’ हा शब्द मागे घेणार नाही. वर्णन म्हणजे नाव ठोकणं नव्हे, तो एक दावा असतो आणि कुणालाही तो खोडून काढता यावा अशाच रीतीने मांडावा लागतो. वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. नाव ग्राह्य धरायचं तर लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन हवं, निदान जवळच्या प्रजातींहून ही कशात वेगळी ते सांगणारा मजकूर तरी हवा (२०१२ च्या आधी तो लॅटिनमध्येच लागे). एक ठरावीक नमुना ‘टाइप’ म्हणून जाहीर करावा लागतो आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे तेही लिहावं लागतं. उद्या तुम्हाला शंका आली, तर तो नमुना चिकटवलेली कागदाची शीट मागवून, तेच फूल भिंगाखाली धरून ‘हे चुकीचं आहे’ असं तुम्ही छापू शकता. असं पुष्कळदा होतं, आणि नावं जुन्या नावांत विलीन होतात. मिलिमीटर त्यासाठीच असतात. ‘पान लहान’ असं लिहिलं तर त्याच्याशी भांडणार कसं? ‘पान (२८–)३२–५८(–६४) मिमी’ असं लिहिलं की भांडता येतं. कंसातले आकडे म्हणजे क्वचित सापडलेली टोकं, मधले म्हणजे नेहमीची मापं. तुम्हाला ७० मिलिमीटरचं पान सापडलं, तर माझ्या दाव्याला तिथेच तडा गेला.

आता तुमचा सगळ्यात मोलाचा आक्षेप, वणव्याचा. इथे थोडा वेळ घेतो, कारण मागच्या लेखात मी हा भाग दोन वाक्यांत उरकला होता आणि ती चूकच होती.

सव्हानातलं झुडूप आपल्याला दिसतं त्याहून बरंच मोठं जमिनीखाली असतं. गवत पेटतं, वरचं सगळं जळून जातं, पण माती उष्णता सहजासहजी खाली जाऊ देत नाही. काही सेंटिमीटर खोल असलेले कोंब शाबूत राहतात. लाकडासारखा टणक, गाठाळ गड्डा खाली असतो, त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, आणि त्यातून पुन्हा फुटवे येतात. ब्राझीलमधल्या सेराडोच्या सव्हानात अशी झुडपं इतकी आहेत की तिथे ‘उलटं जंगल’ म्हणतात. आफ्रिकेतल्या अशाच वनस्पतींना वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक व्हाइट यांनी १९७६ साली ‘भूमिगत अरण्यं’ म्हटलं होतं. एकाच गड्ड्याचे फुटवे काही मीटरच्या परिसरात वर येतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, इथे पंचवीस झुडपं आहेत.

हर्बेरियमची शीट मात्र साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरची. त्यात गड्डा मावत नाही. तो खणून काढायला अर्धा दिवस जातो आणि झाडही मरतं. म्हणून गोळा करणारा जमिनीलगत फांदी मोडतो, आणि लेबलवर ‘झुडूप, लाल माती’ एवढंच उरतं. मी स्वतः एकदा अशाच दोन शीट दोन वेगळ्या ढिगांत ठेवल्या होत्या. एकीवर हातभर उंच, अरुंद पानांची फांदी, दुसरीवर वीतभर कोंब, रुंद आणि जाडसर पानं, फुलं थेट जमिनीलगत. दोन्ही एकच असतील हे मनातही आलं नाही. मग दोन्हींवरची एकेक वाळकी कळी गरम पाण्यात टाकली. पाच-सात मिनिटांत ती फुगते, कागदासारखी कडक पाकळी मऊ होते, आणि चिमट्याने हळूच उलगडता येते. पुंकेसर तेवढेच, त्यांच्या तळाशी तीच लव, अंडाशय आडवा कापला तर कप्पे आणि बीजांडंही तेवढीच. रुंद पानांच्या शीटचा खालचा तुकडा तेव्हा कुठे नीट पाहिला. सालीवर काजळी होती. वणव्यानंतरचा फुटवा होता तो. त्या दिवशी मी केली असती तीच चूक तुम्ही म्हणता आहात. ती होते, आणि ज्याने ती जवळून पाहिली आहे तोच माणूस वर्णन जपून लिहितो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आग कुठल्याही वनस्पतीला नुसती खुरटवत नाही, काहींचं सगळं वेळापत्रकच तिच्यावर बेतलेलं असतं. सेराडोतल्या बल्बोस्टायलिस पॅराडॉक्सा या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीत आग लागून गेल्यावर २४ तासांच्या आत फुलोरा यायला सुरुवात होते. २०२४ मध्ये पश्चिम घाटाच्या उत्तर भागातून वर्णन झालेली डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा वर्षातून दोनदा फुलते, एकदा पावसाळ्यानंतर आणि दुसऱ्यांदा गवत जळून गेल्यावर, आणि दुसऱ्या खेपेला तिचे कोंब अगदी बुटके असतात. तिच्या नावाचा अर्थच ‘अनेक रूपांची’. ही दोन रूपं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत गोळा केली असती तर? म्हणून एकाच भेटीत सव्हानातल्या झुडपाचं वर्णन लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. आगीआधी पाहावं, आगीनंतर पाहावं, जमल्यास आग न लागलेल्या तुकड्यातही पाहावं. आगीपासून राखलं तर काही झुडपं बघता बघता उंच होतात. काही मात्र वर्षानुवर्षं आग न लागताही गुडघ्याएवढीच राहतात. त्यांचा बुटकेपणा अंगचा असतो, जळण्याने आलेला नसतो. आफ्रिकेत पॅरिनारी क्युरेटेलिफोलिया हा चांगला मोठा वृक्ष होतो, आणि त्याची नातलग पॅरिनारी कॅपेन्सिस जमिनीवर वीतभरच दिसते, बाकी सगळी मातीत. तिला ‘खुरटलेला वृक्ष’ म्हणणं अन्यायाचं होईल.

डीएनएचं उत्तर याच धाग्यात आहे. सेराडोतल्या आगीला सरावलेल्या वनस्पतींच्या वंशावळींवर २००९ साली एक महत्त्वाचा अभ्यास झाला. त्यातल्या बहुतेक शाखा गेल्या ४० लाख वर्षांत फुटलेल्या दिसल्या. उत्क्रांतीच्या हिशेबात हे कालचंच. इतक्या अलीकडे वेगळ्या झालेल्या प्रजातींमध्ये नेहमी तपासले जाणारे आरबीसीएल आणि मॅटके हे जनुकांचे तुकडे पुष्कळदा सारखेच निघतात. फूल वेगळं, गड्डा वेगळा, फुलण्याचा काळ वेगळा, आणि तो तुकडा तोच. जास्त जनुकं वाचली तर फरक सापडतो, आणि तशी सोय असेल तिथे ती वाचलीच पाहिजेत, त्याबद्दल माझा वाद नाही. पण झाडांच्या दोन गटांत किती फरक आहे हे डीएनएने कळलं, तरी तो फरक प्रजातीचा मानायचा की नाही हे झाड पाहूनच ठरवावं लागतं. आणि उन्हात गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात दहापट भिंग असतं, त्याला लवच दिसते.

तुम्ही विचारलंत, एका नावाने एवढं काय बिघडतं किंवा सुधारतं. सेराडो सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा, वनस्पतींच्या १२,००० हून जास्त प्रजाती, आणि मूळ आच्छादनातलं जवळजवळ निम्मं आज उरलेलं नाही. सव्हाना म्हणजे उजाड पडीक जमीन असं समजून तिथे नांगर फिरतो, नाहीतर झाडं लावली जातात. जमिनीखालचा गड्डा एकदा उखडला की पुन्हा तयार व्हायला फार काळ लागतो, आणि अनेक ठिकाणी तो परत येतच नाही. तिथे काय होतं हे सांगायला निदान नाव तरी हवं. बेनाव झुडपाची धोक्याच्या यादीत नोंद करणं फार अवघड जातं. मला याची मनापासून काळजी वाटते, म्हणून मागच्या लेखात सूर थोडा चढला असेल.

मागच्या लेखाचं शीर्षक आज बदललं आहे. वर्णनात काय काय हवं हे सांगणाऱ्या परिच्छेदात दोन गोष्टी घातल्या आहेत: शेवटची आग कधी लागली होती, आणि जमिनीखालचा भाग प्रत्यक्ष पाहिला की नाही. पाहिला नसेल तर ‘पाहिला नाही’ असं स्पष्ट लिहायचं.

आणि एक विनंती. ‘जळल्यावर तेच झुडूप ओळखूही येत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. हे वाक्य डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं आहे. त्या झुडपाचे आधीचे आणि नंतरचे फोटो तुमच्याकडे असतील तर जरूर पाठवा, त्यातही बुंधा मातीत शिरतो तिथला एखादा असेल तर आधी तो.